अंत्रूजचा आश्रय : गोमंतकातील मंदिरे, मठ, इगर्ज्या आणि मशिदी

गोमंतकातील धार्मिक वास्तूंचा इतिहास मराठीत बहुधा शोकगाथेच्या रूपाने सांगितला गेला आहे. पोर्तुगीज आले, मंदिरे पडली, देव स्थलांतरित झाले, त्या जागी इगर्ज्या उभ्या राहिल्या, असा त्याचा सर्वपरिचित क्रम. हा क्रम खोटा नाही. परंतु तो दोनच पक्ष ओळखतो, आणि सोळाव्या शतकातील गोमंतकाची भूमी दोन पक्षांत मावणारी नव्हती. देव ज्या नदीपलीकडे गेले त्या पलीकडच्या तीरावर राज्य कोणाचे होते, हा साधा प्रश्न विचारला की या इतिहासाची मांडणी पुन्हा तपासून पाहणे आवश्यक ठरते. पलीकडे विजापूरची आदिलशाही होती. ज्या दशकात साष्टीतील देवालये जमीनदोस्त झाली त्याच दशकाच्या आरंभी, इ. स. १५६० च्या सुमारास, फोंड्याला अली आदिलशहाच्या अमदानीत साफा मशीद उभी राहिली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा आणि रामनाथ ही दैवते या मशिदीपासून काही कोसांच्या परिघात येऊन वसली. या योगायोगाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न गोमंतकाच्या इतिहासलेखनात पुरेसा झालेला दिसत नाही.

मूळ घटनाक्रम थोडक्यात असा. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्स द आल्बुकर्क याने गोवे शहर आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. त्या वेळी शहरातील मुसलमान प्रजेची मोठी कत्तल झाली. म्हणजे पोर्तुगीजांच्या धार्मिक कठोरपणाचा पहिला आघात मशिदींच्या आणि मुसलमानांच्या वाट्याला आला. हिंदूंना आरंभी तुलनेने मोकळीक होती. १५४० मध्ये तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली, आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवले गेले. साष्टी आणि बारदेश हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. (मधला अल्प खंड वगळता ती १८१२ पर्यंत टिकली.) १५६६-६७ मध्ये साष्टीतील देवालयांचा विध्वंस झाला. त्यांची संख्या साधारणतः २८० सांगितली जाते, आणि राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रीगिश याचे नाव या मोहिमेशी जोडलेले आहे. १५६७ मध्ये गोव्याची पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली व तिने या धोरणास शास्त्राचे अधिष्ठान दिले.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ज्या राजवटीने देवालये पाडली तिनेच त्यांची यादी करून ठेवली. देवालये पडली तरी त्यांच्या नावे असलेली शेते, भाटे आणि नमसी जमिनी शिल्लक होत्या, आणि त्यांचा सारा वसूल करायचा होता. त्यासाठी साष्टीच्या गावोगावची देवस्थाने आणि त्यांच्या जमिनी पोर्तुगीज 'फोराल'मध्ये नोंदल्या गेल्या. आज एखाद्या गावात कोणकोणती दैवते होती हे जाणून घ्यावयाचे असेल तर अभ्यासकाला याच महसुली बाडांकडे वळावे लागते. विध्वंसाचा इतका बारकाईने राखलेला हिशेब अन्यत्र क्वचितच आढळेल. आपल्या परंपरेने क्षेत्रमाहात्म्ये लिहिली, पण शेताच्या बांधापर्यंतचा तपशील लिहिला तो फिरंगी कारकुनाने, आणि तोही महसुलाच्या लोभाने.

देव कोठून कोठे गेले हे गोमंतकीय कुळाव्यांना आजही मुखोद्गत असते. कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, आणि ती वाडी मंगेशी झाली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्याला आली. मडगावचा दामोदर दक्षिणेकडे जांबावलीला गेला, आणि त्याच्या मूळ स्थानी १५६५ च्या सुमारास होली स्पिरिटची इगर्ज उभी राहिली. मडगावचे जुने नाव मठग्राम. नावातला मठ लोपला, गाव राहिले. मठांचेही देवळांसारखेच झाले. गौडपादाचार्य परंपरेच्या स्मार्त सारस्वतांचा केळशी येथील मठ उद्ध्वस्त झाल्यावर तिचे स्वामी दीर्घकाळ परदेशी भ्रमत राहिले, त्यात काशीचाही मुक्काम होता, आणि पुढे सतराव्या शतकात ही गादी कवळ्याला, शांतादुर्गेच्या सान्निध्यात स्थिरावली. वैष्णव सारस्वतांच्या, १४७५ मध्ये स्थापन झालेल्या गोकर्ण मठाने काणकोणातील पर्तगाळीस कुशावतीच्या काठी आपले केंद्र केले. म्हणजे देव आणि गुरू या दोन्ही संस्थांना निर्वाह हवा होता, आणि तो पोर्तुगीज सीमेबाहेरच मिळण्यासारखा होता.

या सीमेबाहेरच्या प्रदेशात अंत्रूज महाल, म्हणजेच आजचा फोंडा तालुका, सर्वांत जवळचा. डोंगरांच्या कुशीतली पोफळीची कुळागरे, झऱ्यांचे पाणी, आणि मध्ये एका रात्रीत होडीने ओलांडता येईल एवढी नदी. स्थलांतराची जी वर्णने परंपरेने जपली आहेत त्यांत अंधारी रात्र आणि होडी असतातच. तपशिलांची ऐतिहासिक शहानिशा होणे अवघड आहे. मात्र भूगोल या कथांना दुजोरा देतो. देव प्रथम एखाद्या कुळाच्या घरात वा साध्या शाकारलेल्या मांडवात राहिले असणार. आज दिसणारी भव्य संकुले, म्हणजे अग्रशाळा, नगारखाना, तळी आणि सात मजल्यांची दीपमाळ, ही नंतरची आहेत. कवळ्याचे शांतादुर्गेचे विद्यमान मंदिर शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. मंगेशीला १७३९ मध्ये पेशव्यांकडून गावाचे उत्पन्न लावून देण्यात आले. पावणेदोनशे वर्षे हे देव एका अर्थाने बिऱ्हाडकरू होते.

विजापूरच्या सत्तेने त्यांना राहू का दिले असावे? उदारमतवाद हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. अली आदिलशहा पहिला हा १५७०-७१ मध्ये गोव्याला वेढा घालून बसलेला राजा. पोर्तुगीज प्रजेतील कसबी शेतकरी, व्यापारी आणि गावकरी आपल्या हद्दीत येत असतील तर ते त्याच्या हिताचे होते. पडीक जमीन लागवडीखाली येत होती, आणि शत्रूचा महसूल घटत होता. शिवाय दख्खनी सुलतानशाहीचा जमाखर्च देशमुख-देसायांच्या हातून चालत असे, आणि स्थानिक दैवतांना मिळणारी वर्षासने ही त्या व्यवस्थेचा नेहमीचा भाग होती. तेव्हा या आश्रयामागे राजकीय सोय होती असेच म्हणावे लागते. पण सोयीतून का होईना, आश्रय मिळाला. आणि तो देणाऱ्या सत्तेने त्याच महालात स्वतःची मशीदही बांधली. हेही विसरता कामा नये की त्याआधी दोन शतके बहमनी स्वारीत कदंबांचे राजदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय भंगले होते आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले होते. एकाच धर्माच्या दोन राजवटींचे वर्तन दोन काळांत दोन प्रकारचे असू शकते.

साफा मशिदीची वास्तू आकाराने लहान आहे. उंच जोत्यावर एकच आयताकार प्रार्थनाकक्ष, वर कौलारू उतरते छप्पर, भिंतीत नक्षीच्या कमानी. जोत्याभोवती अष्टकोनी खांबांचे अवशेष उभे आहेत. त्यावरून पूर्वी येथे ओवऱ्या होत्या असे दिसते. दक्षिणेला पायऱ्यांची प्रशस्त तळी आहे आणि तिच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे काढले आहेत. छप्पर, जोते आणि तळी यांचा हा मेळ लक्षपूर्वक पाहिला तर कोकणच्या पावसाने मशिदीला किती आपलेसे करून घेतले आहे हे लक्षात येते. विजापुरातील घुमट येथे नाही. तो आहे तो शेजारच्या देवळांवर! मंगेशी, कवळे आणि बांदोडे येथील गर्भागारांवर शिखराऐवजी अष्टकोनी बैठकीवरचा घुमट दिसतो. मशिदीवर कौले आणि मंदिरावर घुमट, ही अंत्रूजची अदलाबदल कलेतिहासाच्या कोणत्याही ठरीव वर्गीकरणात बसत नाही.

इगर्ज्यांची कथाही अशीच गुंतागुंतीची आहे. गोव्याचे से कॅथेड्रल १५६२ मध्ये सुरू होऊन मुख्य काम १६१९ मध्ये संपले. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. बॉं जेझुश १५९४ ते १६०५ या काळातले. यांचे आराखडे युरोपीय होते, परंतु चिरा खाणीतून काढणारे, चुना मळणारे आणि लाकूड कोरणारे हात येथलेच होते. पावलु व्हारेला गोमिश या पोर्तुगीज अभ्यासकाने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोव्याची इगर्ज ही पोर्तुगीज वास्तूची नक्कल नसून स्वतंत्र स्थानिक निर्मिती आहे असे आग्रहाने मांडले, आणि तिच्यात विजापुरी बांधणीचे धागेही दाखवले. जुझे परेरा यांनी त्यापूर्वीच, १९९५ मध्ये, गोव्याच्या बरोक शैलीचा स्वतंत्र विचार केला होता. या मांडणीचा धागा पुढे नेला तर अठराव्या शतकातील देवळांच्या गोल कमानी, भिंतींतले अर्धस्तंभ आणि घंटामनोऱ्याची आठवण करून देणारी दीपमाळ यांना 'ख्रिस्ती प्रभाव' एवढ्या एका शब्दात उरकता येत नाही. गवंडी एकच होते. ज्याने सकाळी इगर्जीची माथेपट्टी रचली त्याच्या मुलाने नदीपलीकडे दीपमाळ रचली असेल, तर प्रभाव कोणाचा कोणावर?

भाषेच्या बाबतीत हेच घडले. राशोलचा जुना किल्ला आदिलशाही. त्याच्याच परिसरात जेझुइटांनी १६०६ मध्ये आपल्या विद्यालयाच्या इमारतीचा पाया घातला. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. मराठी ओवीत लिहिलेला हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. साष्टीतील देवालये पडून पन्नास वर्षे झाली होती; नव्या ख्रिस्ती प्रजेला पुराणश्रवणाची सवय सुटली नव्हती, आणि ही गरज धर्मगुरूने ओळखली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाचा गौरव यथार्थपणे केला जातो. पण ज्या श्रोत्यांसाठी तो रचला गेला त्यांच्या गावातली देवळे नुकतीच नाहीशी झाली होती, या संदर्भावाचून त्याचे वाचन अपुरे राहते.

आता दिवाडी बेटाकडे वळू. कदंबांचा सप्तकोटेश्वर येथे होता. १५४० नंतर देवालय पडले. लिंग मांडवीपलीकडे डिचोली महालात नार्वे येथे नेले गेले, आणि तेथे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० च्या कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये, नव्या मंदिराचे काम सुरू झाले. दारावरचा देवनागरी शिलालेख ही मिती सांगतो. मराठी सत्तेने गोमंतकात ठेवलेली ही सर्वांत बोलकी खूण. मंदिर मात्र विनम्र आहे. कौलारू मंडप, घुमट, समोर दीपमाळ. म्हणजे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतही गोमंतकीय गवंड्याने आपलाच साचा वापरला. राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या जीर्णोद्धारानंतर हे मंदिर फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. दिवाडीच्या मूळ स्थानी कोटितीर्थाची तळी उरली आहे, आणि जवळच कांदेलारियाचे कपेल आहे.

डिचोलीतच एक नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला असता, त्या काळात ती उभारली गेली अशी परंपरा आहे. आश्रय देणारा राजा हिंदू, घेणारा मोगल शहजादा, आणि दोघांचा मिळून शत्रू औरंगजेब. १६८३ मध्ये तर संभाजी महाराज गोवे शहराच्या वेशीपर्यंत पोहोचले होते. अंत्रूजचे जे चित्र वर रेखाटले त्याचे हे जणू उलटे प्रतिबिंब.

स्थलांतराने सारे काही संपले नाही, याची साक्ष कुंकळ्ळीत मिळते. १५८३ मध्ये तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्याचा सूड म्हणून पुढे असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलेल्या गावप्रमुखांची हत्या झाली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. परंतु वर्षातून एकदा देवीची छत्री आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्यांची ही मिरवणूक असते, आणि तिच्यात बाटलेल्या कुळांचे ख्रिस्ती वंशजही आपल्या वांगडाच्या मानाने सामील होतात. इन्क्विझिशनला अडीचशे वर्षांत जे तोडता आले नाही ते या वांगडांच्या मानपानाने सांभाळले.

गोमंतकाच्या या गुंत्यात पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपराही एका अनपेक्षित वाटेने शिरली आहे. जुन्या गोव्याच्या मॉंती साँतु टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत. ऑगस्टिनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांची प्रचंड इगर्ज १६०२ मध्ये पूर्ण झाली. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये वर्षानुवर्षे ओलीस ठेवले होते. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. इराणात असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांपैकी काही १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणून ठेवले. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले आहे. म्हणजे मुसलमान राजाने मारलेल्या ऑर्थोडॉक्स राणीच्या अस्थी रोमन कॅथलिक साधूंनी इन्क्विझिशनच्या शहरात जपल्या. जे इन्क्विझिशन केरळच्या सीरियन ख्रिस्त्यांनाही परके मानत होते, त्याच्या सावलीत!

मठाचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे, पण मराठी लेखनात क्वचित येते. पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि १८३५ मध्ये गोव्याचे मठ ओस पडले. १८४२ मध्ये ऑगस्टिनच्या इगर्जीचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. शेहेचाळीस मीटर उंचीचा तो मनोरा आज एका कडेने उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या इगर्जीत वाजते. अन्य मठांचे चिरे पणजीच्या इमारतींसाठी उपसून नेले गेले. शहर रोगराईने ओसाड होत होतेच. १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला. देवळे पाडणाऱ्या राज्याने आपले मठही पाडले, आणि तेही कायदेशीर आदेशाने. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात २००४ मध्ये ऑगस्टिनच्या मठात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या २०१३ च्या जनुकीय परीक्षणाने त्या केतेवानच्या असाव्यात या मतास बळ मिळाले, आणि जुलै २०२१ मध्ये त्यांतील एक भाग भारताने जॉर्जियाला भेट दिला.

बाल्कन प्रदेशाशी तुलना येथे उपयोगी ठरते, पण मर्यादित अर्थाने. ऑस्मानी सत्तेने १५५७ मध्ये पेच येथील सर्ब ऑर्थोडॉक्स धर्मपीठ पुन्हा स्थापू दिले. अंत्रूजच्या आश्रयाच्या जवळपास समकालीन अशी ही घटना. मोस्तारचा प्रसिद्ध कमानी पूल १५६६ चा. तो ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. बान्या लूकाची १५७९ ची फेरहादिया मशीद ७ मे १९९३ रोजी स्फोटाने उडवण्यात आली, आणि २०१६ मध्ये तिच्याच जुन्या दगडांचा शक्य तेवढा वापर करून पुन्हा उभी राहिली. कोसोवोमधील देचानीसारखे ऑर्थोडॉक्स मठ २००४ मध्ये जागतिक वारशात आले आणि २००६ पासून ते धोक्यातील वारशाच्या यादीत आहेत. तेथे चार शतकांपूर्वीच्या वास्तूंचे भवितव्य विसाव्या शतकातील सैन्यांनी ठरवले. जे वास्तूंत एकत्र गुंतले होते त्यांची फाळणी नकाशावर करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याची किंमत वास्तूंनी दिली.

गोमंतकात १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांकडे आला तेव्हा प्रजेच्या धर्मात व देवस्थानांत हस्तक्षेप न करण्याची हमी देण्यात आली. दोन शतकांपूर्वीच्या धोरणाचा हा पराभवच होता. नव्या काबिजादींत म्हणून देवळे राहिली, आणि साफा मशीदही राहिली. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील इगर्ज्या व मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले. अंत्रूजची देवळे त्या यादीत नाहीत. पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी राज्य शासनाने २०२२ च्या अर्थसंकल्पात वीस कोटी रुपयांची तरतूद केली. या घोषणेमागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, हे खरे. पण त्याचे मंदिर, म्हणजे घुमट, दीपमाळ, अग्रशाळा आणि कुळाव्यांची साडेचारशे वर्षांची ये-जा, हे सारे प्रियोळचे आहे. पाडलेल्या देवालयांचे आराखडे नाहीत. फोरालमध्ये जमिनीच्या सीमा आहेत, शिखरांची उंची नाही. सोळाव्या शतकापूर्वीच्या गोमंतकीय मंदिराचा सर्वांत पूर्ण नमुना सह्याद्रीच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या कदंबकालीन देवालयात शिल्लक आहे. ते वाचले ते रानाने. आणि साष्टीतील किनाऱ्यालगतची देवालये त्याच धाटणीची होती असे मानण्यास पुरावा नाही.

जे हाती आहे ते मात्र झिजत आहे. साफा मशिदीच्या जोत्यावरचे खांब पावसाने खाल्ले आहेत; जांभा दगड एकदा भिजून वाळू लागला की त्याच्या कडा विरघळत जातात. अंत्रूजमधील अनेक देवस्थानांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी लाकडी कोरीव छते काढून काँक्रीटचे मंडप आणि संगमरवरी फरशा घातल्या. ज्या वास्तूला फिरंग्याचा हात लागला नव्हता तिला महाजनांचा लागला. मठग्रामच्या मूळ दामोदराच्या जागी आज इगर्जीसमोरचे प्रशस्त मैदान आहे, आणि गुलालाच्या दिवशी जांबावलीला जाणारे मडगावकर त्याच गावातून निघतात.